दिवे लावणे

नोव्हेंबर. श्रूजबरीत चारलाच अंधारतं.
गॅरेजात मी मॉरिस मायनरच्या डॅशबोर्डखाली
डोकं घालून पडलेली, पाय दाराबाहेर,
बरगडीत गिअरचा दांडा, तोंडात टॉर्च.
वासू दोनदा येऊन विचारून गेला, चहा ठेवू का.
टॉर्चसकट जेवढं बोलता येतं तेवढं बोलले.

गाडी एकसष्ट सालची, माझ्याहून मोठी.
शेजारच्या हेडली पग यांची, एकेचाळीस वर्षं.
मला दिली तीनशे पौंडांत,
शिवाय दर बुधवारी ऑस्वेस्ट्रीच्या बाजारापर्यंत एक फेरी,
ही अट त्यांनी पाकिटावर लिहून घेतली होती.

त्याआधी मार्चमध्ये
माझ्याच दवाखान्यात, माझ्याच खुर्चीत बसवून
मी त्यांच्यापुढे चौकटींचा कागद धरला होता.
मधल्या चौकटी कुणी खाल्ल्यात, म्हणाले,
लोकरीला कसर लागते तशा.
मग मी जे सांगायचं ते सांगितलं.
त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली
आणि टोपी शोधत राहिले, टोपी डोक्यावरच होती.

तर दिवे.
या गाडीला घड्याळासारखी एकच तबकडी, मधोमध,
तिच्यामागे करंगळीच्या नखाएवढे बल्ब, काजळलेले.
रात्री काटा तीसवर आहे की पन्नासवर
हे अंदाजानंच ठरवायचं.
मी नवे एलईडी मागवले, पिवळसर उजेडाचे,
जुने आटे सोडवले, नवे बसवले, बटण ओढलं.

काळोख.

मिरजेच्या शाळेत सर्किटचा तक्ता चुकल्यावर
आठल्येबाई म्हणाल्या होत्या, तू काय दिवे लावणार!
चाळीस वर्षांनी, सात समुद्र ओलांडून
बाई गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या.

पण दारात खरे उभे होते पग, काठी टेकून.
अहो, ही उलटी आहे, म्हणाले,
हिचं धन टोक पत्र्याला जोडलेलं,
त्या काळात तसंच असायचं.
आधी नाही का सांगायचं, मी म्हटलं.
तुम्ही कुठे विचारलंत, ते म्हणाले, आणि मनापासून हसले.
मार्चनंतर मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

जुन्या बल्बला कुठूनही वीज चालते,
तार तापते, उजळते, तक्रार नाही.
एलईडीला दिशा लागते.
दोन्हीकडून चालणारे मिळतात, ते यायला चार दिवस.

चौथ्या दिवशी लागले.
आकडे असे उमटले, जणू कुणी आत्ताच लिहिलेत.
वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा,
काचेच्या आत मेलेली एक माशीसुद्धा, पंखांच्या शिरांसकट.
वासूनं टाळ्या वाजवल्या. चहा सांडला.

फक्त चार्जिंगचा लाल दिवा मी जुनाच ठेवला.
तिथे एलईडी डायनमोच्या एवढ्याशा फरकानंही
मिणमिणत राहतो, विझतच नाही,
आणि जो विझत नाही तो इशारा कसला.

पग डावीकडे बसले, जिथे ते कधीच बसत नसत.
वाचा बघू, मी म्हटलं,
आणि त्याच क्षणी जीभ चावली.
मला माहीत होतं, माझ्याइतकं कुणालाच नाही,
की खराबी तबकडीमागे नाही,
आणि माझ्याकडे तिथे बसवायला काही नाही.

त्यांनी तबकडीकडे पाहिलंच नाही.
मान किंचित वळवली, खिडकीकडे,
जिथे फक्त विटांची भिंत आणि सायकलचा पंप,
आणि भिंतीकडे बघत, डोळ्याच्या कडेनं,
एकेक आकडा उचलून आणल्यासारखा म्हणाले:
नऊ. सात. चार. शून्य. आणि पुढचा अर्धा वळलाय.

बरोबर होतं.

काच पुसून घ्या, म्हणाले. माशी आहे आत.

मी किल्ली फिरवली.
लाल दिवा लागला, इंजिन खोकलं, धरलं,
लाल दिवा विझला.
बुधवार नव्हता.
तरी आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो,
मग पुलापर्यंत, मग थोडं पुढे,
मी रस्त्याकडे बघत,
ते बाहेर, सेव्हर्नच्या काळ्या पाण्याकडे,
आणि दर थोड्या वेळानं, न बघता, सांगत:
अठ्ठावीस.
एकतीस.
वळणाआधी कमी करा.